कालचं पाणी

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ही डायरी धनसुखने आणून दिली. कंपनीची आहे. सोनेरी कडा, रेशमी फीत आणि प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरांत ‘निर्मळ पाणी, आमचं वचन’. मी म्हटलं, “मला कशाला? दुधाचे खाडे मी कॅलेंडरवर लिहिते.” तर म्हणतो, “भाभी, तुमचं तोंड दिवसभर चालतं आणि घरात ऐकायला नुसत्या भिंती. त्यांना जरा विश्रांती द्या, ह्यात बोला.” असा टोमणा मारून वर दोन कप चहा प्यायला. मी ह्या घरात नवरी म्हणून आले तेव्हा हा माझा दीर चौथीत होता. त्याच्या शर्टाची बटणं मी लावलेली आहेत, म्हणून खपवून घेते.

बातमी मात्र गोड आणली. माझ्या केयूरच्या बापुजींच्या, म्हणजे ह्यांच्या, नावाने परब होणार! गावाच्या तोंडाशी, कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून. पक्की पाणपोई, वर पत्रा, पुढे जाळीचं दार, आत माठ, मागे सिमेंटची मोठी टाकी. रोज संध्याकाळी कंपनीचा टँकर कालव्याचं पाणी भरून जाणार. “साहेबांच्या मागे लागून लागून मंजूर करून घेतली,” म्हणाला. “भाईने उभी हयात ह्या कंपनीत रंग घोटला. त्याच्या नावाचं काहीतरी नको?” तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हापासून शेवटपर्यंत इस्पितळात उशाशी धनसुखच होता. पोटचा मुलगा सुरतेहून येऊन-जाऊन.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

परब उघडली. ‘स्व. ठाकोरभाई छगनभाई पटेल जलपरब’ अशी निळी पाटी लागली. शेजारची लखीमाशी, सगळ्या गावाची मावशी ती, मुद्दाम विचारते, “जशु, काय गं लिहिलंय?” तिला ठाऊक आहे मी नवऱ्याचं नाव घेत नाही. मी म्हटलं, “चष्मा घाल आणि वाच.”

रोज सकाळी मी माठ घासून भरायचे, आल्यागेल्याला पाणी द्यायचं. जात विचारायची नाही, नाव विचारायचं नाही, कोणाला परत पाठवायचं नाही. परबेचा धर्मच तो. धनसुखने एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. टाकीतलं आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी ठेवायचं नाही. बुडाशी वॉल आहे तो सकाळी फिरवायचा आणि टाकी पार रिकामी करायची. पाणी ओट्याखालच्या खड्ड्यात मुरून जातं, वर फरश्या आहेत, चिखल होत नाही. “भाई कालचं पाणी कधी प्यायला नाही, भाभी. त्याच्या नावाने लोकांना शिळं पाजायचं नाही.”

खरं सांगायचं तर हे कुठलंही पाणी घटाघट प्यायचे. पाळीवरून आले की समोर दिसेल तो तांब्या तोंडाला लावायचे, कालचा की परवाचा कोण बघतंय. पण गेलेल्या माणसाबद्दल भाऊ असं बोलला की बरं वाटतं. मी मान डोलावली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नमुना घ्यायचा दिवस. परबेपासून चार पावलांवर जमिनीतून एक लोखंडी पाइप वर आलाय, झाकण आणि कुलूप लावलेला. ती तपासबोअर. गावाखालचं पाणी कसं आहे ते तिच्यातून बघतात. गावातल्या सगळ्या बोअरना सात वर्षांपासून सील आहे, आमच्या अंगणातल्या बोअरलाही. पाणी लाल यायचं, पातळ केलेल्या कोऱ्या चहासारखं. कोर्टाने कंपनीला सांगितलं, जमिनीखालचं नासवलंत ते उपसा आणि साफ करा. लागोपाठ चार महिने तपासबोअरचा नमुना निर्मळ आला तर सील निघेल. दोन वर्षं पंप धडधडतायत, त्या कामावर देखरेखीला धनसुख आहे, आणि नमुना आपला दर महिन्याला लालच्या लाल.

सरकारी तपासणीच्या मकवाणा मॅडम आल्या. बारीक अंगाची पोरगी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. बाटली भरली, उन्हात धरली. निवळ! मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. मॅडमनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “जवळपास कुठे पाणी मुरतं का? शेत, गटार, काही?” धनसुख म्हणाला, “छे, मॅडम, इथे प्यायला नाही तर मुरायला कुठून?” मी माठ घासते त्याचं पाणी सांगणार होते, पण एवढंसं काय सांगायचं. मॅडमना परबेचा गारेगार तांब्या दिला. दोन प्यायल्या.

१० मार्च, मंगळवार

लखीमाशी आज तडकली. सकाळी मी वॉल फिरवला तेव्हा रिकामी घागर घेऊन समोर उभी. “सरकारी टँकर घरटी तीन हंडे देतो, आणि तू टाकीच्या टाकी जमिनीत ओततेस? मेलेल्याला टाकीभर आणि जित्याला हंडाभर, वा गं वा!” मी म्हटलं, “परबेचं पाणी प्यायला आहे माशी, घरी न्यायला नाही. आणि शिळं कोणाला द्यायचं नसतं.” “शिळं! माझ्या घरात कालचं पाणी म्हणजे तूप आहे तूप!” तणतणत गेली.

धनसुखला विचारलं, उरलेलं बायकांना देऊ का. इतका चिडला की मी चपापले. “भाभी, एकदा वाटायला लागलात की भांडणं होतील, कंपनी टँकर बंद करेल. मी सांगितलंय तेवढंच करा.” नंतर स्वतःच मऊ पडला, बायकोने, कपिलाने, केलेली वालाची आमटी घरून आणून दिली. कामाचा ताण असणार बिचाऱ्याला.

२७ मार्च

दुसरा नमुनाही निवळ. ह्यांची पुण्याई म्हणू नये तर काय! ज्या महिन्यात परब सुरू झाली त्याच महिन्यापासून पाणी सुधारलं. धनसुखला म्हटलं तर तो खाली बघून हसला. म्हणाला, “भाईचाच हात आहे, भाभी.”

२८ एप्रिल, मंगळवार

तिसराही निवळ. काल संध्याकाळी ध्रुवीला फोन केला, माझ्या सुनेला. ती आणि केयूर सुरतेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. इथे असताना तिचे दोन गर्भ पडले. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून थेट माहेरी गेली आणि जाताना मला म्हणाली, “बा, पाणी सुधारेल त्या दिवशी येईन. तोवर नाही.” मी तेव्हा फार बोलले तिला. आम्ही नाही का राहिलो, आम्हाला नाही का झाली मुलं, वगैरे. तेव्हा बोअर लाल झाली नव्हती, हे मीच सोयीने विसरले होते.

आता त्विशा चौदा महिन्यांची आहे. नाव घेताना जीभ दातात अडकते, पण मुलगी लोण्याचा गोळा. फोनवर मी तिला बोअरची गंमत सांगितली तर फोनच चाटला म्हणे. ध्रुवी नेहमीप्रमाणे सावध. “चौथा नमुना येऊ दे, बा. चौथा चांगला आला तर ह्यांनी इथली खोली सोडायचं ठरवलंय. बिलिमोऱ्याला काम बघितलंय, घरून जाऊन-येऊन होईल.”

चौथा येऊ दे! देवा, चौथा येऊ दे. बाकी काही मागत नाही.

६ मे, बुधवार

एक दिवसासाठी आले होते तिघे. ध्रुवीने पाण्याचे दोन जार गाडीतून आणले. मला आत कुठेतरी लागलं, पण जार उचलून आत नेऊन ठेवले. त्विशा अंगणात उघडीनागडी पळाली, बोअरच्या सील केलेल्या पाइपवर थापा मारून नाचली, लाल रंग हाताला लागला तर ध्रुवीने तिला उचलून जारच्या पाण्याने हात धुतले, तीनदा. धनसुख कौतुकाने बघत होता. तिला खांद्यावर घेऊन म्हणाला, “जूनमध्ये ह्याच बोअरखाली आंघोळ घालतो बघ तुला, ढबू.” ध्रुवीने विचारलं, “काका, तुम्ही स्वतः प्याल ते पाणी?” तो म्हणाला, “पहिला पेला माझा.”

केयूरला मी अंगणाकडची खोली झाडून ठेवते म्हटलं. तो हसला फक्त. त्याच्या बापासारखाच, कमी बोलतो.

१४ मे, गुरुवार

सकाळी भीखाकाका गेले, माझे चुलतसासरे. नव्वदी ओलांडलेली, झोपेतच. वाईट वाटलं तरी सोनं झालं असंच सगळे म्हणाले.

सगळ्या भाऊबंदांना सुतक. मी बातमी कळायच्या आधीच टाकी रिकामी केली होती. मग माठ पालथे घातले, जाळीला कुलूप लावलं. सुतकातल्या हातचं पाणी परबेवर देत नाहीत. तेरावा होईपर्यंत परब बंद.

१५ मे, शुक्रवार

धनसुख आला. डोळे तारवटलेले. “भाभी, परब बंद का?” मी म्हटलं, “अरे, काल कोणाला खांदा दिलास विसरलास का?” म्हणतो, “पाणी देऊ नका. पण टाकी भरू द्या आणि सकाळी सोडून द्या. टाकीला कसलं सुतक?” मी हसले. “प्यायला कोणी नाही तर टाकी भरायची कोणासाठी, भुतांसाठी?” तो म्हणाला, “टाकी कोरडी राहिली तर तडकते.” सिमेंटची टाकी बारा दिवसांत तडकली तर बांधणाऱ्याच्या कानाखाली वाजवायला पाहिजे.

किल्ली मागितली. मी दिली नाही. चाळीस वर्षं ह्या घरात सुतकं पाळली, आता टाकीसाठी मोडू?

१८ मे, सोमवार

आज पुन्हा. ह्या वेळी हात जोडून. “भाभी, भाईच्या परबेला खाडा नको. माझ्या मनाला लागतं.” एवढा मोठा बाप्या माझ्यापुढे हात जोडतो, मला भरून आलं. भावावर केवढा जीव! पण मी सांगितलं, भाईच्याच नावाला बट्टा लागेल, गाव म्हणेल ठाकोर… ह्यांच्या परबेवर सुतकात पाणी खेळवलं. त्याने कुलपाला हात घातला तेव्हा पलीकडे पारावर भाऊबंदातले म्हातारे बसले होते. कोणीतरी हाक मारली, “धनसुख, काय रे करतोस तिथे?” तसा हात मागे घेतला.

संध्याकाळी टँकरवाला कुलूप बघून भरलेला टँकर तसाच परत घेऊन गेला.

२२ मे, शुक्रवार

काय लिहू.

मॅडम आज आल्या, तारखेच्या आधी. पुढच्या आठवड्यात त्यांची दुसरीकडे कामं आहेत म्हणे. गाव जमलं होतं, चौथा नमुना ना! मी सुतकातली, म्हणून लांब उभी. बाटली वर आली आणि सगळे पुढे सरकले.

लाल.

मॅडमनी पाणी ओतून दिलं, पुन्हा भरली. पुन्हा लाल. म्हणाल्या, “तीन महिने स्वच्छ आणि आज हे? काय बदललं इथे?” धनसुख माझ्याकडे वळला, चेहरा असा की मी त्याला लहानपणी मारलं तेव्हासुद्धा असा झाला नव्हता. सगळ्यांदेखत ओरडला, “भाभी, एवढी एक गोष्ट सांगितली होती तुम्हाला!”

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग बाटलीला चिठ्ठी लावली. २ जूनला पुन्हा नमुना घेणार म्हणाल्या.

मी घरी येऊन रडले. परबेला खाडा पडला म्हणून पाणी पुन्हा नासलं असेल का? ह्यांना राग आला असेल? मी सुतक पाळून चूक केली का? ध्रुवीला अजून फोन केला नाही.

२४ मे, रविवार

दोन दिवस तेच वाक्य डोक्यात घोळतंय. एवढी एक गोष्ट. कुठली एक गोष्ट? पाणी द्या असं तर त्याने ह्या दिवसांत एकदाही म्हटलं नाही. सोडून द्या म्हणाला. दर वेळी सोडून द्या.

सकाळी परबेवर गेले. कुलूप काढलं नाही, जाळीतून नुसती बघत बसले. टाकी, वॉल, ओटा, ओट्याखालचा खड्डा. आणि ओट्यापासून चार पावलांवर तपासबोअर. मी रोज टाकीभर कालव्याचं पाणी तिच्या मुळाशी ओतत होते. मॅडम जे बाटलीत भरून नेत होत्या ते माझंच पाणी होतं. अरे देवा. खालचं पाणी कधी सुधारलंच नव्हतं.

त्याच्या घरी गेले. कपिलाला म्हटलं, तू जरा बाहेर जा. त्याला विचारलं, “कोणाची अक्कल ही?” आधी कानावर हात. मग म्हणाला, “कोणी सांगितलं तुम्हाला?” मी म्हटलं, “तूच सांगितलंस, भर गावात.”

मग त्याने सांगितलं. साफसफाईचा खर्च कंपनीला परवडत नव्हता, साहेबांना सील काढून मोकळं व्हायचं होतं. झालं असतं तर त्याच्या मुलाला, चिंतनला, कायमची नोकरी मिळणार होती. “बोअरजवळ टाकी हवी होती साहेबांना. परब मी सुचवली.”

“आणि नाव?”

तो पायाने सतरंजीचं टोक सरळ करत बसला.

“धनसुखभाई, नाव कोणी सुचवलं?”

“मीच. भाईचं नाव असलं की गावातलं कोणी हात लावणार नाही. आणि तुम्ही एक दिवस चुकवणार नाही.”

मला वाटलं होतं तो म्हणेल, भाईवर प्रेम होतं म्हणून. निदान खोटं तरी बोलेल. ह्याच्या तापात मी रात्र रात्र पट्ट्या बदलल्या. शाळेचा डबा रोज मी भरला. आणि ह्याने मला बघितलं आणि हिशेब केला की ही बाई नवऱ्याच्या नावाने रोज न चुकता वॉल फिरवेल. बरोबर निघाला की मेल्याचा हिशेब.

जाताना म्हणाला, “तेराव्यानंतर आठवडा मिळतो. रोज टाकी सोडली तर २ तारखेला निवळ येईल. तुम्हालाही तेच पाहिजे ना, भाभी? त्विशा अंगणात हवी ना?” मी दारात थांबले. तर आवाज खाली करून, “आणि बाहेर बोललात तर विचार करा. वॉल कोणी फिरवला? मी एकदाही हात लावलेला नाही. पाटीवर नाव कोणाचं आहे?”

२५ मे

आज फक्त एवढंच. त्याचं वाटोळं होवो. नाही, होऊ नको. कपिलाचं काय चुकलं. पण माझ्या डोळ्यांसमोर येऊ नको म्हणावं.

२७ मे, बुधवार

काल तेरावा झाला. सुतक संपलं.

खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे. काल दिवसभर मी मनाशी म्हणत होते, फिरवावा वॉल. आठ दिवसांचा तर प्रश्न. सील निघेल, केयूर येईल, अंगणाकडची खोली भरेल. पिण्याला जार आणू, बोअरचं नुसतं धुण्याभांड्याला वापरू. मग मला त्विशाचा हात दिसला, पाइपवर थापा मारणारा. ध्रुवी तीनदा हात धुवत होती आणि मला तिचा राग आला होता. आणि सील काय माझ्या एकटीचं निघणार आहे? लखीमाशीची नात सहा महिन्यांची पोटुशी आहे. ती पिणार. सगळं गाव पिणार, ह्यांच्या पुण्याईचं म्हणून पिणार.

टँकर काल संध्याकाळी टाकी भरून गेलाय. सकाळी कुलूप काढलं, माठ भरले, आणि लखीमाशीला हाक मारली. “माशी, घागर आण. सगळ्यांना घेऊन ये.” ती म्हणाली, “का गं, आज सूर्य कुठून उगवला?” मी म्हटलं, “बोलू नको, भर.” बायकांनी टाकी खरवडून नेली. खड्ड्यात थेंब गेला नाही.

दुपारी धनसुख आला. “टाकी रिकामी केलीत ना, भाभी?” “पार रिकामी, धनसुखभाई. तुम्ही सांगितली तशीच.” आत वाकून बघितलं, खूश होऊन गेला.

२ जून, मंगळवार

सगळे दिवस तसंच केलं. बायकांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की कोणाला सांगू नका. आणि आश्चर्य म्हणजे कोणीच सांगितलं नाही. लखीमाशीनेसुद्धा! प्यायला पाणी मिळत असलं की तिचं तोंड बंद राहतं, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडम आल्या. बरोबर कंपनीचे साहेबही, काळा चष्मा घालून. बाटली लाल आली. धनसुख पाइपकडे असा बघतो की जणू पाइपनेच दगा दिला. साहेब म्हणाले, यंत्रात बिघाड असेल.

मी पुढे झाले. पहार घेऊनच आले होते. ओट्याजवळची फरशी उचकटली, मग दुसरी. खाली दगडगोट्यांचा खड्डा, थेट बोअरच्या अंगाला भिडलेला. मॅडमना म्हटलं, “तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतंत, पाणी मुरतं का. मुरत होतं. टाकीभर, रोज. मी सोडत होते, माझ्या ह्या हातांनी. मला धर्म म्हणून सांगितलं होतं. सांगणारा हा उभा आहे.”

धनसुख म्हणाला, “भाभीचं डोकं फिरलंय, भाई गेल्यापासून…”

लखीमाशी मागून खेकसली, “तुझ्या भाभीचं डोकं आत्ताच ठिकाणावर आलंय, मेल्या!”

मॅडमनी खड्ड्याचे फोटो काढले, माझं म्हणणं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. सही करताना नवऱ्याचं नाव विचारलं. मी पाटीकडे बोट दाखवणार होते. मग स्वतःच घेतलं. “ठाकोरभाई छगनभाई.” आयुष्यात पहिल्यांदा घेतलं, तेही अशा कामाला.

घरी येऊन ध्रुवीला फोन केला. म्हटलं, “येऊ नका. खोली सोडली असेल तर पुन्हा धरा.” सगळं सांगितलं. मला वाटलं आता म्हणेल, मी सांगत नव्हते? तसं म्हणाली नाही. “बा, तुम्ही इकडे या ना राहायला.” मी म्हटलं, “मग परब कोण बघणार?” मागे त्विशा काहीतरी बडबडत होती. फोन ठेवला आणि अंगणाकडच्या खोलीत जाऊन गादी गुंडाळून ठेवली. मनसोक्त रडले. ह्या डायरीसमोर कसली लाज.

४ जून

कंपनीने टँकर बंद केला. पाटीवर कोणीतरी शेण फासलं होतं. धुऊन काढलं, धुताना त्यांची माफी मागितली. मॅडमचा निरोप आला, मागचे तिन्ही नमुने रद्द, मोजणी पुन्हा पहिल्यापासून, तपासबोअर दुसऱ्या जागी. किती वर्षं लागतील ते त्यांनाही सांगता येत नाही. मी असेन का तेव्हा, कोण जाणे.

धनसुखला कंपनीने काढून टाकलं. सगळं त्याच्या एकट्याचं कारस्थान म्हणे. साहेब आहेत तिथेच आहेत.

९ जून, मंगळवार

परब चालू आहे. एकच माठ. लखीमाशीची कल्पना. सकाळी सरकारी टँकर येऊन गेला की घरोघरची बाई आपल्या हंड्यातला एक तांब्या माठात ओतून जाते. काही जणी अर्धाच ओततात, त्यांना माशी शिव्या घालते. आता मी पाणी टाकत नाही. काल उरलं तेवढं आज आधी देते, मग नवं.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. धनसुख येताना दिसला, चालत. मोटारसायकल कंपनीची होती, ती गेली. भीखाकाकांसाठी उतरवलेले केस अजून नीट आलेले नाहीत, डोकं तापून लाल झालेलं. मला वाटलं होतं मान वळवून पुढे जाईल. थोडा गेलासुद्धा. मग परत फिरला आणि जाळीसमोर वाकून ओंजळ पुढे केली. वर बघितलं नाही.

माझ्या मनात आलं ते इथे लिहीत नाही. परबेवरून कोणाला परत पाठवायचं नाही, हा धर्म मला त्यानेच नव्याने शिकवला होता. मी तांब्या बुडवला.

“कालचं आहे, धनसुखभाई,” मी म्हटलं. “शिळं.”

ओंजळ थोडी हलली, पण खाली गेली नाही. मी ओतत राहिले आणि तो पीत राहिला.